गोळी वाटली, कारण राहून गेले
शाळांतील आरोग्यशिक्षणाचे एक परीक्षण

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांशी विज्ञानावर गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. कार्यक्रमाला अवकाश होता, म्हणून शाळेच्या मागच्या बाजूला चक्कर मारली. तेथे सीताफळाच्या झाडाखाली ओल्या मातीत निळे डाग दिसले. वाकून पाहिले तर त्या गोळ्या होत्या. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा देण्यात येणाऱ्या, लोह आणि फॉलिक आम्लाच्या निळ्या गोळ्या. काही विरघळल्या होत्या, काही अजून शाबूत होत्या. कार्यालयातील नोंदवहीत मात्र प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती.

वर्गशिक्षिकेला आम्ही याबद्दल विचारले. बाईंनी काहीही लपवले नाही. त्या म्हणाल्या, "सर, गोळ्यांचे खोके आले, वहीचा नमुना आला, माहिती भरून पाठवायची तारीखही आली. गोळीबद्दल मुलींनी काही विचारले तर काय सांगायचे, ते मात्र कोणी सांगितले नाही. मग मुली माझ्यासमोर गोळी तोंडात धरतात आणि मागे जाऊन थुंकतात."

पुढे वर्गात आम्ही आमचा ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि गोळीबद्दलच प्रश्न विचारायला सांगितले. बराच वेळ शांतता होती. मग आठवीतल्या एका मुलीने विचारले, "गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी शौचाला काळे होते. आत काही जळते का?" त्यापाठोपाठ एका मुलाने विचारले, "पुढे मुले होऊ नयेत म्हणून ही गोळी देतात, असे गावात म्हणतात. खरे का?"

हे दोन्ही प्रश्न उत्तम आहेत. पहिल्यात निरीक्षण आहे, दुसऱ्यात ऐकलेल्या गोष्टीची खातरजमा करून घेण्याची इच्छा आहे. विज्ञानाचा शिक्षक याहून अधिक काय मागतो? आणि तरीही, कागदोपत्री आरोग्याचा कार्यक्रम सुरळीत चाललेल्या त्या शाळेत हे प्रश्न विचारायला जागाच नव्हती. शाळांतील आरोग्यशिक्षणाविषयी आमची जी तक्रार आहे, ती या एका प्रसंगात सामावलेली आहे.

कागदावरची योजना

टीका करण्यापूर्वी योजनेतले चांगले ते सांगणे न्यायाचे होईल. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ साली शालेय आरोग्याचा कार्यक्रम आखला गेला आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्याचा अभ्यासक्रम पुढे आला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, 'आरोग्यदूत' म्हणून तयार करावे आणि त्यांनी आठवड्यातून एक तास कृतींच्या मदतीने मुलांशी बोलावे, अशी ही कल्पना आहे. त्यासाठी अकरा विषय ठरवले आहेत. निरोगी वाढ, भावनिक स्वास्थ्य, परस्परसंबंध, मूल्ये आणि नागरिकत्व, स्त्रीपुरुष समानता, पोषण व स्वच्छता, व्यसनप्रतिबंध, निरोगी जीवनशैली, प्रजनन-आरोग्य व एचआयव्हीचा प्रतिबंध, हिंसा व इजांपासून सुरक्षितता, आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर.

यादी वाचून समाधान वाटते. 'रोज दात घासा, नखे कापा' एवढ्यावर थांबणाऱ्या जुन्या आरोग्यशिक्षणाच्या मानाने ही मजल मोठी आहे. मन, नातेसंबंध आणि हिंसा हेही आरोग्याचेच विषय आहेत, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झालेले दिसते.

पण साधा भागाकार करून पाहा. आठवड्याला एक तास. त्यातून परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि शिक्षकांची शाळाबाह्य कामे वजा केली तर वर्षाकाठी पंचवीस ते तीस तास हाती लागतील. अकरा विषयांत वाटल्यास एकेका विषयाला जेमतेम अडीच तास येतात. एवढ्या वेळात विषयाची तोंडओळख होईल, समज येणार नाही. अशा वेळी शिक्षक जे करतो ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तो फळ्यावर सूचना लिहून देतो. सूचना लिहायला वेळ लागत नाही, कारण समजावायला लागतो. यादी जसजशी लांबत जाते तसतसे कारण मागे पडत जाते.

सूचना आणि कारण

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. गोळीतले सगळे लोह आतड्यात शोषले जात नाही, बरेचसे न शोषलेले बाहेर पडते. त्याची काळ्या रंगाची संयुगे बनतात आणि शौचाला काळे होते. आत काही जळत नाही. एवढे दोन मिनिटांचे उत्तर मिळाले असते तर त्या झाडाखाली कदाचित कमी गोळ्या सापडल्या असत्या.

पण उत्तर दिले की त्यातून पुढचा प्रश्न निघतो, आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते. सगळे शोषले जात नसेल तर किती शोषले जाते? गोळी एकदा घेऊन का भागत नाही? हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येतो. चाळीस किलो वजनाच्या मुलीच्या अंगात साधारण २.६ लीटर, म्हणजे २६ डेसिलीटर रक्त असते असे धरू. तिचे हिमोग्लोबिन डेसिलीटरमागे १ ग्रॅमने वाढवायचे तर २६ ग्रॅम नवे हिमोग्लोबिन तयार व्हावे लागेल. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे सुमारे ८८ मिलिग्रॅम लोह हवे. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले दहा टक्के शोषले गेले असे धरले तर दर आठवड्याला ६ मिलिग्रॅम पदरात पडतात. ८८ भागिले ६, म्हणजे जवळजवळ पंधरा आठवडे.

हिशेब ढोबळ आहे. शोषणाचे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते आणि पाळीतून जाणारे लोह आम्ही येथे धरलेले नाही. पण ज्या मुलीने हा भागाकार स्वतः केला, तिला 'गोळी नियमित घ्या' ही सूचना वेगळी द्यावी लागत नाही. चार गोळ्या थुंकल्या तर काय होते, हे तिला वहीत दिसते.

दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही असेच सरळ आहे. या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व असते. गर्भधारणेवर त्यांचा तसा काहीही परिणाम होत नाही. उलट गरोदर स्त्रियांना हीच दोन द्रव्ये मुद्दाम दिली जातात. अफवेला 'अंधश्रद्धा' म्हणून झटकून टाकण्यापेक्षा गोळीच्या पाकिटावरचा मजकूर वर्गात वाचून दाखवणे अधिक उपयोगी पडते.

आकड्यांकडे कसे पाहावे

रक्तक्षयाचे आकडे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे आढळले. त्याआधी, २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची एक स्वतंत्र राष्ट्रीय पाहणी झाली होती. तीत १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयाचे निघाले.

हा फरक केवळ वयोगटांमुळे आहे असे नाही. पहिल्या पाहणीत बोटाला टोचून काढलेला थेंब तपासला होता, दुसरीत शिरेतून रक्त घेतले होते. बोटातून थेंब काढताना तो दाबून काढला तर ऊतींमधला द्रव त्यात मिसळतो आणि मोजमाप बदलते. विज्ञानाच्या शिक्षकाला मोजमापाच्या चुका शिकवण्यासाठी याहून जिवंत उदाहरण कोठे मिळणार? आणि एक गोष्ट दोन्ही पाहण्यांत सारखीच दिसते. मुलींमध्ये प्रमाण मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा मुलग्यांना वाचवणारे आणि मुलींना मारणारे असे घरात काय घडते, हा प्रश्न वर्गात यायलाच हवा. पाळी हे एक कारण झाले. शेवटी जेवायला कोण बसते आणि तिच्या ताटात काय उरते, हे दुसरे.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आढळतो. तो जनुकांतून येतो आणि लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. जंतांमुळेही रक्त कमी होते. आकड्यामागची कारणे वेगळी केल्याशिवाय 'हिरव्या पालेभाज्या खा' हा उपदेश अर्धवटच राहतो.

उशिरा येणारा धडा

त्या दिवशी शेवटी आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न लिहिता प्रश्न विचारायला सांगितले. एका चिठ्ठीत प्रश्न नव्हताच. तीत लिहिले होते : "सहावीत असताना पहिल्यांदा रक्त आले तेव्हा मला वाटले मला कॅन्सर झाला. मी दोन दिवस कोणाला सांगितले नाही."

महाराष्ट्रात २०१८ साली दहावीचे जे विज्ञानाचे पुस्तक आले, त्याच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र यांची माहिती आहे. ती व्यवस्थित आहे, आकृत्याही आहेत. 'सामाजिक आरोग्य' असा एक वेगळा पाठही त्याच पुस्तकात आहे. आमचा आक्षेप मजकुराला नाही, वेळेला आहे. दहावीत येईपर्यंत बहुतेक मुलींना पाळी सुरू होऊन काही वर्षे लोटलेली असतात. पुस्तक जेव्हा बोलू लागते तेव्हा मुलीने भीती एकटीने सोसून झालेली असते आणि मुलग्यांनी आपली माहिती भलत्याच ठिकाणांहून गोळा केलेली असते. त्यातून तो पाठ 'घरी वाचून या' म्हणून सोडून देण्याची चाल किती वर्गांत आहे, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

या संकोचाला इतिहास आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. ते गणिताचे प्राध्यापक होते, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. कारण मागण्याची सवय एका विषयापुरती ठेवता येत नाही. त्यानंतर किती तरी दशकांनी, २००५ साली केंद्र सरकारने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, तेव्हा २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो शाळांतून थांबवला. मुले बिघडतील, हे त्यामागचे मुख्य भय होते.

हे भय तपासून पाहण्याजोगे आहे आणि ते तपासलेही गेले आहे. युनेस्कोने २००९ साली लैंगिकता शिक्षणाविषयी मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली ती सुधारली. तीत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुलांचे लैंगिक संबंध लवकर सुरू होतात असे त्यात आढळलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींसंबंधीच्या एका निकालात या शिक्षणाविषयीच्या गैरसमजांची दखल घेतली आणि ते देण्याचा विचार व्हावा असे सुचवले. पालकांचा संकोच आम्ही समजू शकतो, त्याची थट्टा करणार नाही. पण चिठ्ठीतल्या त्या दोन दिवसांची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही.

आपल्या गावचा धोका

देशभरासाठी एकच यादी केली की आपल्या गावचे धोके तीत बसतातच असे नाही. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावतात, असा अंदाज २००० ते २०१९ या वीस वर्षांच्या अभ्यासातून निघाला आहे. मरणारे बहुतेक ग्रामीण भागातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे मिळते. अकरा मथळ्यांत हा विषय फार तर 'इजांपासून सुरक्षितता' या मथळ्याखाली शिक्षकाने स्वतः घालायचा.

जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला मण्यार रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात आणि वेळ जातो. पापण्या मिटू लागणे म्हणजे काय, हे घरातल्या एका शाळकरी पोराला माहीत असेल तर जीव वाचू शकतो. घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये, दंश झालेला भाग हलू न देता तडक रुग्णालयात न्यावे. हे चार नियम आणि प्रत्येकाचे कारण सांगायला एक तास पुरतो. विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ते काम येथेच कोकणात, रुग्णांच्या उशाशी बसून झाले. मुलांना ही गोष्ट सांगितली तर संशोधन म्हणजे काय तेही कळेल.

माहिती दिली की संपले का?

येथे आमच्याच म्हणण्यावर एक आक्षेप घ्यायला हवा. कारण समजले की वागणे बदलते, असे आम्ही गृहीत धरत आहोत का? तसे असते तर एकही डॉक्टर सिगारेट ओढताना दिसला नसता.

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा व्यसनविरोधी कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांशी बोलत. तो देशभर पसरला, पालक खूश होते, शाळा खूश होत्या. १९९४ साली निरनिराळ्या मूल्यमापनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम अगदी नगण्य असल्याचे दिसले. किती शाळांत तास झाले हे सर्वांनी मोजले होते, काय बदलले ते मोजायला उशीर झाला. आपली नोंदवहीतली बरोबरची खूण याच जातीची आहे.

मग समग्र आरोग्यशिक्षण कशाला म्हणावे? आमच्या मते समग्रतेचा अर्थ विषयांची लांब यादी असा नाही. २००० साली डाकार येथे भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेत शालेय आरोग्याची चौकट मांडली गेली. शाळेचे धोरण, स्वच्छ पाणी व स्वच्छतागृहे, कौशल्यांवर आधारलेले आरोग्यशिक्षण आणि प्रत्यक्ष आरोग्यसेवा, असे तिचे चार पाय आहेत. एकट्या शिक्षणाच्या पायावर खुर्ची उभी राहत नाही. ज्या शाळेत नळाला पाणी नाही, तेथे हात धुण्याचा धडा मुलांना एकच गोष्ट शिकवतो : पुस्तकातले खरे मानायचे नसते. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसेल तर पाळीवरचे उत्तम व्याख्यानही मुलीला त्या चार दिवसांत शाळेत आणणार नाही. आरोग्याच्या तासाची पहिली कृती म्हणून मुलांनी आपल्याच शाळेची पाहणी करावी आणि ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी, असे आम्हाला वाटते. नागरिकत्वाचा धडाही त्यात आलाच.

पुढच्या तासाला

योजना सुधारेल तेव्हा सुधारेल. पुढच्या आठवड्यात करण्यासारखी एक कृती येथे देतो. प्रयोगशाळेतले थोडे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवा. त्यात दूध न घातलेला कोरा चहा ओता. द्रावण काळपट होऊ लागेल. चहातील टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला. आता त्यात लिंबू पिळा. काळेपणा कमी होत जाईल. हे द्रावण अर्थातच कोणी प्यायचे नाही. परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे, हेही मुलांना सांगा. पण जेवणासोबत चहा का नको आणि भाजीवर लिंबू का हवे, याची दिशा त्यातून दिसते. मग वर दिलेला भागाकार फळ्यावर करा, आणि त्यानंतर गोळी वाटा.

त्या शाळेत आम्ही हाच प्रयोग केला. आठवीतल्या त्या मुलीने नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे सकाळी चहाबरोबर घेतली तर उपयोग कमी." हे वाक्य आम्ही तिला सांगितले नव्हते. पुढच्या खेपेला त्या झाडाखाली गोळ्या असतील की नाही, ते आम्ही आत्ताच सांगू शकत नाही. आम्ही बाईंना एवढेच सुचवले आहे, की नोंदवहीत 'गोळी दिली' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : 'मुलांनी काय विचारले'. वाचक शिक्षकांनीही तो आखावा, अशी आमची विनंती आहे.